वॉर्ड ऑफिसमधून गल्लीचं काम करून कसं घ्यायचं

‘ताई, गटार पुन्हा तुंबलंय, कुणाला फोन करू?’ असा मेसेज मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो, कधी आमच्याच चाळीतून, कधी मावसबहिणीच्या सोसायटीतून, कधी भाजीवालीने माझा नंबर दिलेल्या कुणाकडून. मी राजकारणातली नाही. गेली ११ वर्षं आमच्या ४२ खोल्यांच्या चाळीच्या मंडळाची चिटणीस आहे आणि पाणी, गटार, दिवे, झाडं, डेब्रिज ह्यासाठी एवढे हेलपाटे घातलेत की कुठला कागद कुठल्या टेबलावर जातो ते आता पाठ झालंय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. फक्त मुंबईपुरतं लिहितेय, ठाणे-कल्याणचं गणित वेगळं आहे. लांबलंय खरं, पण मधलं गाळू नका, कारण काम बहुतेक वेळा मधल्याच पायरीवर अडतं.

आधी एक सांगते. आपण फोन करतो, समोरचा ‘बघतो’ म्हणतो आणि आपण घरी येऊन सांगतो की तक्रार केली. ती तक्रार नाही. तक्रारीचा नंबर, तारीख आणि ती कुठल्या खात्याकडे गेली हे तिन्ही आपल्याकडे लिहिलेलं असेल तेव्हाच तक्रार झाली म्हणायचं.

जागा कुणाची आहे ते आधी बघा

मुंबईत सगळंच महापालिकेचं नाही, आणि निम्म्या तक्रारी इथेच मरतात. रस्ता पालिकेचा असेल, नाहीतर म्हाडाच्या वसाहतीतला अंतर्गत रस्ता असेल, रेल्वेच्या हद्दीतला असेल, पोर्टाच्या जमिनीवरचा असेल, मेट्रोचं काम चालू असेल तर त्या पट्ट्याची जबाबदारी काम करणाऱ्या यंत्रणेकडे असेल. पश्चिम आणि पूर्व द्रुतगती मार्ग आधी एमएमआरडीएकडे होते, २०२२ च्या अखेरीला पालिकेकडे आले, तरी अजून लोक जुन्या ठिकाणी पत्रं पाठवतात. आणि दोन बिल्डिंगींच्या मधली जी बोळ असते ना, ती खूपदा खाजगी असते, तिथलं काँक्रीट फुटलं तर पालिका आपणहून करायला येत नाही.

कळणार कसं? सगळ्यात सोपं म्हणजे वॉर्ड ऑफिसच्या परिरक्षण खात्यात जाऊन सरळ विचारायचं की हा रस्ता तुमच्या यादीत आहे का. जमिनीबद्दल वाद असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढायचं, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड, त्यासाठी सीटीएस नंबर, म्हणजे जमिनीचा नगर भूमापन क्रमांक लागतो, तो सोसायटीच्या जुन्या कागदांत सापडतो. दक्षिण मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सेस भरणाऱ्या, इमारती असतील तर दुरुस्तीसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे जावं लागतं, वॉर्ड ऑफिसमध्ये कितीही बसलात तरी तो कागद पुढे सरकत नाही.

रस्त्यावरच्या दिव्यांचं वेगळंच आहे. शहर भागात बेस्ट, उपनगरात अदानी, आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो नंबर दिला की काम पटकन होतं. ‘मारुतीच्या देवळासमोरचा दिवा’ म्हटलं तर फोनवरच्या मुलीला काय कळणार, मुंबईत मारुतीची देवळं किती!

मॅनहोलचं झाकण तुटलं असेल तरी आधी झाकण बघा, बऱ्याच झाकणांवर खात्याचं किंवा कंपनीचं नाव कोरलेलं असतं. टेलिफोनचं चेंबर असेल तर ड्रेनेजवाले हात लावत नाहीत. पण उघडं मॅनहोल दिसलं तर कुणाचं आहे ह्याचा शोध लागेपर्यंत थांबायचं नाही, आधी फांदी, बॅरिकेड, लाल कपडा, मिळेल ते लावायचं आणि लगेच पालिकेच्या १९१६ ह्या तक्रार नंबरला फोन. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, ते आठवलं की आजही पाऊस सुरू झाला की मी आमच्या गल्लीतली सगळी झाकणं स्वतः फिरून बघते.

वॉर्ड म्हणजे कुठला वॉर्ड

दोन गोष्टींना आपण वॉर्डच म्हणतो आणि मग घोटाळा होतो. एक प्रशासकीय वॉर्ड, ज्याला अक्षर असतं. जी उत्तर म्हणजे दादर, माहीम, धारावी. एफ दक्षिण म्हणजे परळ, लालबाग, शिवडी. एल म्हणजे कुर्ला, एन म्हणजे घाटकोपर, एस म्हणजे भांडुप-विक्रोळी, टी म्हणजे मुलुंड, आर मध्य म्हणजे बोरिवली. असे वर्षानुवर्षं २४ वॉर्ड होते. मोठ्या वॉर्डांची अलीकडे विभागणी व्हायला लागलीय, त्यामुळे मालाड, जोगेश्वरीकडच्यांनी आपलं ऑफिस जुनंच आहे का ते एकदा खात्री करून घ्या. ह्या वॉर्डचा प्रमुख म्हणजे सहायक आयुक्त, ज्यांना सगळे वॉर्ड ऑफिसर म्हणतात. काही वॉर्ड मिळून एक परिमंडळ होतं, त्यावर उपायुक्त असतात, अशी सात परिमंडळं आहेत.

दुसरा म्हणजे निवडणुकीचा प्रभाग, त्याला आकडा असतो, एकूण २२७. तिथून नगरसेवक निवडून येतो. पत्रात दोन्ही लिहा, अक्षरही आणि आकडाही.

वॉर्ड ऑफिसमध्ये कुठल्या टेबलाकडे जायचं

रस्ता, फूटपाथ, छोटी गटारं, लादी ह्यासाठी परिरक्षण खातं, ज्याला बाहेर सगळे मेंटेनन्स म्हणतात. कचरा, झाडू, डेब्रिज ह्यासाठी घनकचरा व्यवस्थापन. पाण्याला जलकामे. अनधिकृत बांधकाम किंवा धोकादायक इमारत असेल तर इमारत व कारखाने. फेरीवाला, बोर्ड, दुकानाचं लायसन्स असलं काही असेल तर अनुज्ञापन. डास, उंदीर असतील तर कीटकनाशक विभाग. झाडं उद्यान खात्याकडे.

पण हे टेबल शोधण्याआधी कचऱ्याच्या बाबतीत तरी माझं ऐका, सरळ चौकीवर जा. प्रत्येक भागात सफाईवाल्यांची चौकी असते, सकाळी हजेरीच्या वेळेला मुकादम तिथेच भेटतो, ओव्हरसियर पण बहुतेक भेटतो. आमच्या कोपऱ्यावर रात्री ११ नंतर हॉटेलवाले कचरा टाकायचे, आणि ऑनलाइन तक्रार केली की दुसऱ्या दिवशी कचरा उचलायचे, तिसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी मी चौकीवर गेले. मुकादम काकांनी सांगितलं, ताई, गाडी ह्या कोपऱ्यावर पहाटे येते, आणि दुकानं रात्री बंद होतात, त्यांना टाकायला दुसरी वेळच नाही. एवढंच होतं! मग त्या दोन हॉटेलांसाठी रात्रीच्या गाडीची वेळ जुळवून घेतली आणि तिथे आता आमची पोरं तुळशीच्या कुंड्या ठेवतात. हे कुठल्याही ॲपवर कळलं नसतं.

तक्रार नोंदवायची कशी

१९१६ हा फोन नंबर चोवीस तास चालू असतो. मायबीएमसी ॲप आहे, त्यात फोटो टाकता येतो. दोन्हीकडून तक्रार क्रमांक मिळतो, तो लगेच वहीत लिहायचा, मेसेज हरवतात आणि फोन बदलतात. खड्ड्यांसाठी वेगळं ॲप पण काढलंय.

एका तक्रारीत एकच विषय. गटार, दिवा आणि कुत्री असं एकत्र लिहिलंत तर ते एकाच खात्याकडे जातं, ते खातं आपल्यापुरतं काम करून तक्रार बंद करतं आणि बाकीच्या दोन गोष्टी हवेत राहतात. फोटो दोन काढा, एक जवळून आणि एक लांबून ज्यात दुकानाची पाटी किंवा बिल्डिंगचं नाव येईल, कारण नुसत्या खड्ड्याचा क्लोजअप कुठलाही असू शकतो. तारीख वेळ फोटोवर उमटेल असं सेटिंग करून ठेवा.

काम न होता तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला तर चिडून सोडून देऊ नका. त्याच दिवशी त्याच जागेचा नवा फोटो काढा, नवीन तक्रार टाका आणि त्यात जुना नंबर लिहा. असे दोनतीन नंबर झाले की पुढच्या पत्राला वजन येतं.

कागद, दोन प्रती आणि शिक्का

छोट्या गोष्टी फोनवर होतात. पण गटार नव्याने बांधायचंय, लादी बदलायचीय, पाण्याची लाइन बदलायचीय, असलं काही असेल तर पत्रच लागतं. मराठीत लिहा, बिनधास्त. पालिकेचा कारभार मराठीतच चालतो, आणि मराठीतलं सरळ साधं पत्र वाचणाऱ्यालाही बरं पडतं. आमचा नमुना असा असतो:

‘प्रति, मा. सहायक आयुक्त, अमुक विभाग. विषय: अमुक मार्गावरील अमुक इमारतीसमोरील गटाराची पुनर्बांधणी करणेबाबत. संदर्भ: तक्रार क्र. अमुक, दि. अमुक; तक्रार क्र. अमुक, दि. अमुक. महोदय, वरील ठिकाणचे सुमारे ३० मीटर लांबीचे गटार दोन ठिकाणी खचले असून पाणी रस्त्यावर येते. लगतच्या बालवाडीतील मुलांना त्यातून जावे लागते. वरील तक्रारींनंतर गाळ काढण्यात आला, परंतु खचलेला भाग तसाच आहे. तरी कृपया स्थळपाहणी करून करावयाच्या कामाचे स्वरूप व कालावधी लेखी कळवावा ही विनंती. पाहणीच्या वेळी आमचे प्रतिनिधी उपस्थित राहतील. सोबत: ४ छायाचित्रे, ३८ रहिवाशांच्या सह्या. प्रत: मा. उपायुक्त, परिमंडळ अमुक.’

बस. एक पान. ह्यात राग नाही, उपदेश नाही, टॅक्स भरतो वगैरे वाक्य नाही. लांबी मोजून लिहा, पावलांनी मोजली तरी चालेल, मीटर लिहिलेलं दिसलं की इंजिनिअर पुढचं गणित करू शकतो. आणि ‘लेखी कळवावा’ हे दोन शब्द कधीही गाळू नका.

दोन प्रती न्यायच्या. एक आवकमध्ये, म्हणजे आलेली पत्रं घेतात त्या काउंटरवर द्यायची आणि दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. काउंटरवरचे म्हणतील ठेवून जा, नंतर शिक्का देतो, तर शांतपणे बाजूला उभं राहायचं आणि शिक्का घेऊनच निघायचं. आमच्या चाळीतल्या जोशीकाकूंचं वय आता सत्तरीच्या पुढे, पत्र द्यायला मी त्यांनाच पाठवते, त्या खुर्ची मागून घेतात, पाण्याची बाटली काढतात आणि शिक्का मिळेपर्यंत हलत नाहीत.

स्थळपाहणी, आणि वर्षाचं वेळापत्रक

पत्र दिल्यावर आठदहा दिवसांनी जा आणि विचारा की पत्र कुणाकडे मार्क झालंय. कनिष्ठ अभियंता किंवा दुय्यम अभियंता असेल, त्यांचं नाव आणि बसण्याची वेळ वहीत लिहा. पाहणीला ते येणार असतील तर तुमच्यातले दोघं तरी खाली हजर पाहिजेत, आणि दोघंच, पंचवीस जण नकोत. पंचवीस जण जमले की प्रत्येक जण आपलं वेगळं गाऱ्हाणं सांगतो आणि साहेब दहा मिनिटांत निघून जातात.

पाहणीत हे विचारायचं: दुरुस्ती चालेल की नवीन लागेल? अंदाजपत्रक बनवावं लागेल का? आत्ता चालू असलेल्या ठेक्यात बसेल की वेगळी निविदा? रस्ता खोदावा लागला तर परवानगी कोण घेणार? उत्तरं तिथेच लिहून घ्या, आणि संध्याकाळी त्या उत्तरांचं छोटं पत्र किंवा ईमेल करून टाका की ‘आज झालेल्या पाहणीत आपण असे सांगितले’. तोंडी बोलणं कागदावर आणायची हीच एक पद्धत मला सापडलीय, आणि ह्याने जेवढी कामं झाली तेवढी ओरडून झाली नाहीत.

आता वेळेचं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. पावसाळ्यात खोदकाम बंद असतं, त्यामुळे जूनमध्ये गटार नव्याने बांधा म्हणून पत्र दिलंत तर चार महिने नुसते मलमपट्टीचे जातात. पालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीत मांडला जातो. म्हणून मोठ्या कामाचं पत्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गेलं पाहिजे, नवरात्र आटोपलं की लगेच. नालेसफाई, झाडांच्या फांद्या, मॅनहोलच्या जाळ्या ह्यासाठी मार्च-एप्रिल, कारण पावसाळ्याआधीची कामं ३१ मे पर्यंत संपवायचं बघतात. झाडाचं लक्षात ठेवा, सोसायटीच्या आवारातलं झाड असेल तर छाटणीचा खर्च सोसायटीचा, पण परवानगी उद्यान खात्याची घ्यावीच लागते. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, परवानगी न घेता कुऱ्हाड चालवलीत तर गुन्हा होतो.

पाण्याचं जरा सविस्तर

पाण्यात वास येणं हा मुंबईतला सगळ्यात वाईट प्रकार, कारण घरात लहान मूल असेल तर जीव अक्षरशः टांगणीला लागतो. आमच्याकडे झालं होतं. पाणी पहाटे ५ ला यायचं, पहिल्या दोन बादल्यांना गटाराचा वास, तिसऱ्या बादलीपासून साफ. तीन घरांत जुलाब सुरू झाले. सगळे म्हणाले वरूनच घाण पाणी येतंय.

जलकामे खात्यात तक्रार केली, दुसऱ्या दिवशी पहाटे दोन माणसं आली. एका छोट्या काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. ह्याला ओटी टेस्ट म्हणतात. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी पिवळं होतं, जितकं जास्त तितकं गडद. रस्त्यावरच्या मेन लाइनजवळचं पाणी छान पिवळं झालं. आमच्या नळाची पहिली बादली, थेंब टाकले तरी पाणी तसंच पांढरं. आम्ही सगळे जिन्यात उभे राहून बघत होतो, कुणी काही बोललं नाही.

ह्याचा अर्थ दोष मेन लाइन आणि आमच्या नळाच्या मध्ये कुठेतरी होता. शोधलं तर आमची जुनी लोखंडी पाइपलाइन गटारातून गेलेली, आणि सांध्यापाशी गंजून बारीक भोक पडलेलं. मुंबईत पाणी चोवीस तास नसतं, ठराविक वेळेला येतं. पाणी चालू असताना आतला दाब जास्त म्हणून भोकातून पाणी बाहेर गळतं, पण पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि तेच भोक गटारातलं पाणी आत ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला जो लोट येतो तो हा. त्यात कुणी लाइनवर डायरेक्ट मोटर लावली असेल तर ओढ अजून वाढते, आमच्याकडे दोन खोल्यांनी लावली होती, त्या काढून घ्यायला लावल्या. त्यावरून भांडणं झाली, महिनाभर एक घर बोलत नव्हतं, पण पोरांच्या पोटाचा प्रश्न होता, मी मागे हटले नाही.

मेनवरून आपल्याकडे येणारी जोडणी आपली जबाबदारी असते. परवानाधारक प्लंबर गाठून लाइन गटाराच्या वरून, बाजूने फिरवून घेतली, खर्च ४२ खोल्यांत वाटला. वास आला तर तुम्ही हे करा: पहिली बादली आणि दहाव्या मिनिटाची बादली वेगळी ठेवा, दोन पारदर्शक बाटल्यांत भरून वेळ लिहा, शेजारच्या इमारतीत तसाच वास आहे का विचारा. फक्त तुमच्याकडे असेल तर दोष तुमच्या जोडणीत असण्याची शक्यता मोठी, अख्ख्या गल्लीत असेल तर मेन लाइनकडे बघायला लावा. आजारी कुणी असेल तर आरोग्य खात्यालाही कळवा, ते नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. तोपर्यंत पाणी उकळूनच प्यायचं, आणि लाइन दुरुस्त झाल्यावर खालची-वरची दोन्ही टाकी धुऊन घ्यायची, हे विसरतात लोक.

नगरसेवक

७ मार्च २०२२ ला आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात बऱ्याच लोकांची नगरसेवकाकडे जायची सवयच मोडली. आता परत जा. मत कुणाला दिलंत ते बाजूला ठेवा, तुमच्या प्रभागाचा जो कुणी आहे तो तुमचाच आहे. वॉर्ड ऑफिसला दिलेल्या पत्राची शिक्का असलेली झेरॉक्स न्या आणि नेमकं एकच मागा, की हा विषय प्रभाग समितीच्या बैठकीत मांडा. त्या बैठकीला वॉर्डातले अधिकारी बसलेले असतात, तिथे विषय निघाला की त्याचं उत्तर द्यावं लागतं. छोटी कामं नगरसेवक निधीतून होतात, पण त्याची मागणी वर्षाच्या सुरुवातीलाच करा, मार्चमध्ये गेलात तर निधी संपलेला असतो.

इतकं करूनही हललं नाही तर

लोकशाही दिन असतो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, त्या दिवशी अधिकारी लोकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकतात. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, ठराविक नमुन्यात. कोर्टात चालू असलेला विषय किंवा नोकरीबद्दलचं गाऱ्हाणं तिथे घेत नाहीत. फाइल घेऊन जा आणि दोन मिनिटांत बोलून होईल एवढंच तयार करून जा. राज्य सरकारचं आपले सरकार पोर्टल आहे, तिथेही तक्रार टाकता येते. दाखला, परवाना, नळजोडणी अशी ठरलेली सेवा वेळेत मिळत नसेल तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा वापरा, त्यात अपील करता येतं.

आणि मग माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज, किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे मोजूनमापून लिहा. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथे फार वाट बघावी लागते, म्हणून पहिल्या अपिलाची तयारी नीट करा.

लोक काय चुकतात, तर ‘का’ विचारतात. ‘गटार का बांधलं नाही?’ ह्याला उत्तर येतं की माहिती उपलब्ध नाही, कारण कायदा कागद मागायचा आहे, स्पष्टीकरण मागायचा नाही. असं विचारा: ‘दि. अमुकच्या आवक क्र. अमुकच्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी. स्थळपाहणी अहवालाची प्रत द्यावी. सदर कामाचे अंदाजपत्रक असल्यास त्याची प्रत द्यावी.’ तुमच्या आवक क्रमांकाची इथे किंमत कळते. माझ्या अनुभवात अर्ज गेल्यावर निम्म्या वेळा तरी माहिती यायच्या आधी माणूस पाहणीला आला.

अजून एक, ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिलाय की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख आणि जखमी झालेल्याला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. देव करो आणि कुणावर वेळ न येवो, पण आली तर जागेचा फोटो, हॉस्पिटलचे कागद, पोलिसांची नोंद आणि आधी कुणी तक्रार केली असेल तर तिचा नंबर, एवढं जपून ठेवा.

एकट्याने करू नका

एका माणसाने सगळं ओढलं की तो दोन वर्षांत थकतो, मी पण थकले होते, मध्ये सहा महिने वही बंदच होती. आता आम्ही विषय वाटून घेतलेत. पाणी माझ्याकडे, कचरा दोन कॉलेजच्या पोरींकडे, दिवे आणि झाडं सावंतांकडे, पत्रांची फाइल जोशीकाकूंकडे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी गच्चीवर अर्धा तास बसतो, वहीतले उघडे विषय वाचायचे, कोण कधी जाणार ते ठरवायचं, चहा प्यायचा, संपलं. झेरॉक्स आणि स्टॅम्पचा हिशेब तिथेच वाचून दाखवायचा, ५० रुपयांचा असला तरी.

अख्खी गल्ली मिळून करायचं असेल तर एएलएम करा, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात ओला-सुका कचरा वेगळा करून गल्ली साफ ठेवायला सुरुवात केली, त्यातून पुढे पालिकेने ही पद्धत सगळीकडे नेली. वॉर्ड ऑफिसमध्ये नोंदणी होते, आणि नोंदणी झालेल्या एएलएमच्या पत्राकडे वेगळ्या नजरेने बघतात हे मी पाहिलंय. पण नावापुरती करू नका, कचरा वेगळा करायची तयारी असेल तरच.

व्हॉट्सॲप ग्रुपवर अधिकाऱ्यांचे फोटो टाकून शिव्या द्यायचा प्रकार आमच्याकडे बंद केला. पुढच्या महिन्यात त्याच माणसाकडून काम करून घ्यायचं असतं आणि खड्ड्यात उतरून काम करणारा तर बिचारा ठेक्यावरचा कामगार असतो. तो आला की पाणी विचारा, सावली द्या. मुलं लक्षात ठेवतात आपण कसं वागतो ते.

काम झाल्यावर

काम चालू असताना रोज एक फोटो. काम संपलं की त्याच कोनातून फोटो, जिथून पहिला काढला होता. नवीन रस्ता, लादी किंवा गटार असेल तर विचारून घ्या की दोषदायित्व कालावधी किती आहे, म्हणजे त्या मुदतीत खचलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं. ती शेवटची तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच्या दोन महिने आधी एकदा सगळं चालून बघा.

आणि एक धन्यवादाचं पत्र, तेही आवकमध्ये शिक्का मारून. ज्या अभियंत्याने पाहणी केली त्यांचं पद लिहून. आमच्या गटाराचं काम झालं तेव्हा बालवाडीतल्या मुलांनी रंगीत खडूने गटाराच्या नव्या लाद्यांवर फुलं काढली होती, त्याचा फोटो आम्ही त्या पत्राला जोडला. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा तो फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होता.